साथ आणि झाडपाला

आपला कळवण तालुका डोंगराचा. एका अंगाला सप्तशृंग गड, त्याच्या समोर मार्कंड्याचा डोंगर, आणि खाली गिरणेचे खोरे. लोक सांगतात, हनुमंताने द्रोणागिरी उचलून नेला तेव्हा त्याचा एक तुकडा इथे पडला. तोच हा गड. श्रद्धेची गोष्ट श्रद्धेच्या जागी. पण या डोंगरात औषधी झाडे आहेत, हे डोळ्यांनी दिसते. गुळवेल आहे, अडुळसा आहे, सातवीण आहे. हिरडा, बेहडा आहे. म्हाताऱ्या माणसांना त्यांची ओळख आहे. कुठल्या झाडाची साल, कुठल्या वेलीचा कांड, कुठल्या झुडपाचा पाला, हे त्यांना तोंडपाठ असते.

आम्ही गावोगावी वर्ग घेतो. तिथे एक प्रश्न हमखास निघतो. "कोरोनाच्या साथीत आम्ही काढा प्यालो. तो उपयोगी पडला का? पुन्हा साथ आली तर काय करावे? काढा घ्यावा, की दवाखाना गाठावा?"

प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. म्हणून हा पाठ.

जुन्या लोकांना साथ ठाऊक होती

एकाच वेळी पुष्कळ गावांत, पुष्कळ माणसांना एकच रोग होतो, त्याला साथ म्हणतात. साथ ही आजची गोष्ट नव्हे. चरकसंहिता हा आयुर्वेदाचा फार जुना ग्रंथ. त्यात साथीवर एक स्वतंत्र अध्याय आहे. साथीला तिथे 'जनपदोध्वंस' म्हटले आहे. म्हणजे सगळ्या मुलखाचा नाश.

त्या अध्यायात अग्निवेश नावाचा शिष्य गुरूला विचारतो, माणसे तर सगळी निराळी. कुणी सडपातळ, कुणी जाड. कुणाचे खाणे एक, कुणाचे दुसरे. मग सगळ्यांना एकाच वेळी एकच रोग कसा होतो? गुरू सांगतात, चार गोष्टी सगळ्यांच्या सामाईक असतात. हवा, पाणी, जमीन आणि ऋतू. त्या बिघडल्या की सगळा मुलूख आजारी पडतो.

पहा, प्रश्न किती मोलाचा आहे! त्या काळी सूक्ष्मदर्शक यंत्र नव्हते. जंतू कुणी पाहिले नव्हते. तरी साथ ही एका घराची गोष्ट नाही, सगळ्यांच्या सामाईक गोष्टींतून ती येते, हे त्यांनी ओळखले. मात्र जंतू कोणता आणि तो एकापासून दुसऱ्याकडे कसा जातो, हे कळायला आणखी शेकडो वर्षे जावी लागली.

आता आपल्या महाराष्ट्राचे पाहू. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. तो पुण्यात, नाशिकात, खेड्यापाड्यांत पसरला. सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत होत्या. त्यांनाही रोग लागला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्याच वर्षी जानेवारीत हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने मुंबईत प्लेगची लस तयार केली. ती त्याने आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली.

पुढे १९१८ साली तापाची मोठी साथ आली. तिला इन्फ्लुएंझा म्हणत. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे गेली. त्या वेळी वैद्याकडे खात्रीचे औषध नव्हते. हकिमाकडे नव्हते. आणि साहेबाच्या डॉक्टराकडेही नव्हते! रोग्याला पाणी, पेज, ऊब आणि विसावा मिळाला तर तो वाचण्याची आशा असे. म्हणजे त्या साथीत खरे औषध म्हणजे शेजारधर्म.

देवीच्या रोगाची गोष्ट निराळी आहे. त्या काळी या रोगावर औषध हाती नव्हते. पण लस होती. घरोघर जाऊन लस टोचली. १९७५ साली भारतातला शेवटचा रोगी सापडला. १९८० साली सगळे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. आज साठीच्या पुढच्या माणसांच्या दंडावर त्या लसीचा व्रण दिसतो. नातवंडांच्या दंडावर तो नाही. त्यांना ती लस टोचण्याची गरजच उरली नाही.

कोरोना आला

२०२० साली कोरोनाची साथ आली. मार्चच्या अखेरीला नाशिक जिल्ह्यात पहिला रोगी लासलगावच्या बाजूला सापडला. एप्रिलमध्ये मालेगावात साथ भडकली. गडाचे देऊळ बंद झाले. चैत्राची यात्रा भरली नाही. बाजार थांबले. कांदा घरात पडून राहिला.

तेव्हा या रोगावर नेमके औषध कुणाकडे नव्हते. लसही नव्हती. माणूस घाबरला की हाताशी असेल ते धरतो. आपल्या हाताशी काय होते? तुळस, सुंठ, मिरी, हळद, गुळवेल. घरोघर काढ्याची पातेली चुलीवर चढली.

३१ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयानेही सूचना काढल्या. आयुर्वेद, योग, युनानी, सिद्ध, होमिओपॅथी यांचा कारभार हे मंत्रालय पाहते. सूचना अशा होत्या: दिवसभर कोमट पाणी प्या. रोज थोडा योग करा. जेवणात हळद, जिरे, धने, लसूण ठेवा. तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका यांचा काढा घ्या. हळद घालून दूध प्या.

पण त्याच कागदावर आणखी एक ओळ होती. हे उपाय कोरोनावरचा इलाज आहेत असा आमचा दावा नाही, असे तीत सांगितले होते. काढ्याची कृती गावोगाव पोहोचली. ही ओळ मात्र वाटेतच गळाली.

काढ्याने काय होते, काय होत नाही

काढ्याने घसा शेकतो. ऊब वाटते. पोटात पाणी जाते. तापात तोंडाला चव नसते, तेव्हा चार घोट बरे वाटतात. घरातले माणूस आपल्यासाठी चुलीपाशी बसले आहे, यानेही रोग्याला धीर येतो. हे सगळे खरे आहे. साधा ताप, सर्दी, खोकला असेल तर काढा घ्यायला हरकत नाही.

पण काढ्याने कोरोनाचा विषाणू मरतो, असे कुणी सिद्ध केलेले नाही. वाफ घेतल्याने नाक मोकळे होते, विषाणू मरत नाही. उलट, उकळते पाणी सांडून पोरे भाजतात, तो घोर वेगळाच.

आणि फुप्फुसे भरली, दम लागला, तर रक्तातला प्राणवायू कमी होतो. तो काढ्याने वाढत नाही. तिथे प्राणवायूच लागतो. नाशिक शहरात २१ एप्रिल २०२१ रोजी झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली. थोडा वेळ पुरवठा तुटला आणि वीसहून अधिक रोगी दगावले. प्राणवायूची जागा दुसरे काही घेऊ शकत नाही, हे त्या दिवशी साऱ्या जिल्ह्याने पाहिले.

समजा, एका घरात असे घडते आहे:

सून म्हणते, "आत्याबाई, मामांना दम लागतोय. दोन वाक्यंसुद्धा नीट बोलता येईनात. दवाखान्यात नेऊ या."

सासू म्हणते, "अगं, सकाळीच काढा दिलाय. आजची रात्र बघू. दवाखान्यात नेलेला माणूस परत येत नाही म्हणतात."

तेवढ्यात आशाताई येते. ती बोटाला चिमट्यासारखे यंत्र लावते. यंत्रात आकडा दिसतो: ८८. आशाताई म्हणते, "आजी, हा आकडा ९४ च्या वर पाहिजे. काढा चुकीचा नाही, पण त्याचं काम संपलं. आता गाडी बोलवा."

सासूचे म्हणणे आपण हसण्यावारी नेऊ नये. दवाखान्यात नेलेली काही माणसे खरोखर परत आली नाहीत. पण का? पुष्कळ जण फार उशिरा गेले. रोग आठ दिवस घरात अंगावर काढला. मग शेवटच्या घटकेला दवाखान्याचे दार गाठले. दोष दाराचा नव्हता, उशिराचा होता. 'आजची रात्र बघू' हे शब्द साथीत फार महाग पडतात.

औषधाची परीक्षा

कुणी म्हणेल, "आमच्या आळीत सगळ्यांनी काढा घेतला, आणि सगळे बरे झाले. याहून मोठा पुरावा काय पाहिजे?"

जरा विचार करू. कोरोना झालेल्या शंभर माणसांपैकी बहुतेक माणसे आपोआप बरी होत. काढा घेतलेली बरी झाली, तशी न घेतलेलीही झाली. मग गुण काढ्याचा की शरीराचा, हे कसे ओळखावे?

तुम्ही शेतकरी आहात. दुकानदार म्हणतो, "हे नवे खत टाका, कांदा दुप्पट पोसेल." तुम्ही काय करता? शहाणा शेतकरी सगळ्या रानात ते खत टाकत नाही. तो शेजारी शेजारी दोन वाफे घेतो. माती एक, रोप एक, पाणी एक. एका वाफ्यात नवे खत, दुसऱ्यात नाही. मग काढणीला दोन्हीकडचा कांदा तोलतो. फरक दिसला तर खत खरे.

औषधाची परीक्षाही अशीच असते. सारख्या रोग्यांचे दोन गट करतात. कोण कोणत्या गटात, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते. एका गटाला नेहमीचा उपचार, दुसऱ्याला नेहमीचा उपचार आणि नवे औषध. मग मोजतात.

'आयुष-६४' नावाची आयुर्वेदाची गोळी आहे. सातविणीची साल, कुटकी, काडेचिराईत आणि सागरगोटा या चार वस्तूंपासून ती करतात. आपल्या मुली सागरगोटे खेळतात ना, तोच हा सागरगोटा. ही गोळी मुळात हिवतापासाठी १९८० साली तयार झाली. कोरोनाच्या साथीत मुंबई, वर्धा आणि लखनौ येथे १४० रोग्यांवर तिची परीक्षा घेतली. रोग्यांचा आजार सौम्य किंवा मध्यम होता. नेहमीच्या उपचाराबरोबर गोळी घेतलेल्यांना थोडे लवकर बरे वाटले. एप्रिल २०२१ मध्ये सरकारने सौम्य आजारात जोडीचे औषध म्हणून तिला मान्यता दिली.

यातून काय कळते? ही गोळी जोडीला घेतली तर सौम्य आजारात काही उपयोग होत असावा. पण परीक्षा लहान होती. आपण कोणते औषध घेतो हे रोग्यांना माहीत होते, आणि तेवढ्यानेही माणसाला बरे वाटते. अत्यवस्थ रोग्याला ती गोळी वाचवते का, याचे उत्तर या परीक्षेत नाही. जेवढे मोजले तेवढेच म्हणावे. जास्त नाही, कमी नाही.

हीच फूटपट्टी डॉक्टरी औषधांनाही लावली गेली, बरे का! हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या हिवतापाच्या गोळीचा २०२० साली फार गाजावाजा झाला. मोठ्या परीक्षेत ती कोरोनावर उपयोगाची ठरली नाही. बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातला प्लाझ्मा मिळवायला लोक रात्री-बेरात्री धावले. त्याचाही उपयोग दिसला नाही, म्हणून मे २०२१ मध्ये तो उपचार सरकारने यादीतून काढला. उलट डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त औषध परीक्षेला उतरले. प्राणवायूवर असलेल्या रोग्यांचे प्राण त्याने वाचवले. पण साध्या आजारात तेच औषध घेतले तर फायदा नाही, अपाय होऊ शकतो.

म्हणजे भांडण देशी आणि विलायती असे नाही. परीक्षेला उतरलेले औषध आणि न उतरलेले औषध, एवढाच भेद आहे.

झाडपाल्यातून आलेली औषधे

जुने ज्ञान टाकाऊ आहे, असे म्हणणाराही चुकतो. अडुळशाचा पाला खोकल्यावर देतात, हे आपल्या आजीला ठाऊक होते. त्या पाल्यातल्या द्रव्यावरून ब्रोमहेक्सिन हे औषध तयार झाले. आज खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांत ते असते.

सर्पगंधाची मुळी आपल्याकडे पूर्वापार वापरात होती. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रोग्यांना मोजून-मापून दिली. काय गुण आला, काय नाही, ते लिहून ठेवले. १९४९ साली त्यांनी ते इंग्लंडच्या मासिकात छापले. तेव्हा या मुळीकडे साऱ्या जगाचे लक्ष गेले.

चीन देशात तू यूयू नावाच्या बाई होत्या. हिवतापाचे औषध शोधताना त्यांनी जुन्या वैद्यांचे ग्रंथ चाळले. एका वनस्पतीचा रस उकळून न काढता थंड पाण्यात काढावा, असे एका ग्रंथात सुचवलेले होते. त्यांनी त्यावरून कमी उष्णतेत अर्क काढला. परीक्षा घेतली. त्यातून आर्टेमिसिनिन हे औषध मिळाले आणि लाखो जीव वाचले. २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या नाशिकचाही यात मान आहे. १९०७ साली शंकर दाजीशास्त्री पदे यांनी नाशिकला वैद्यांचे संमेलन भरवले. त्यातून पुढे वैद्यांची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. आज आयुर्वेदाचे आणि डॉक्टरीचे असे दोन्ही शिक्षण पाहणारे महाराष्ट्राचे आरोग्य विज्ञान विद्यापीठही नाशिकलाच आहे. दोघे एका छताखाली शिकतात, तर रोग्याच्या खाटेशेजारी दोघांनी हात का धरू नये?

झाडपाला बाधत नाही का?

"झाडपाल्याने गुण आला नाही तर नाही, पण अपाय तर होत नाही ना?" असे पुष्कळ जण म्हणतात. हे खरे नाही. धोतराही झाडच आहे, आणि कण्हेरही!

कोरोनाच्या साथीत लोकांनी गुळवेल महिनोन् महिने घेतली. २०२० च्या अखेरीस मुंबईत अशा सहा रोग्यांच्या यकृताला सूज आल्याचे डॉक्टरांनी नोंदवले. यकृत म्हणजे काळीज, पित्त तयार करणारे इंद्रिय. आयुष मंत्रालयाने यावर हरकत घेतली. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल लोकांनी घेतली असावी, असे मंत्रालयाचे म्हणणे पडले. दोघांचा वाद काहीही असो, आपण दोन गोष्टी शिकाव्या. एक, वेल नीट ओळखता आली पाहिजे. दोन, चांगली वस्तूही किती आणि किती दिवस घ्यायची, याला माप असते.

काढ्याचेही तसेच. दिवसातून सहा वेळा मिरी-सुंठ प्याली तर छातीत जळजळ होणारच. मधुमेह, रक्तदाब असेल किंवा बाई गरोदर असेल, तर वैद्याला किंवा डॉक्टरला विचारल्याशिवाय काही घेऊ नये. आणि डॉक्टरकडे गेल्यावर घरी कोणता झाडपाला घेतला ते सांगावे. लपवू नये. त्यात लाज कसली?

साथ आली की लबाडही जागे होतात. "तीन दिवसांत खात्रीने बरा करतो," असे म्हणून पुड्या विकतात. खात्रीची भाषा ऐकली की पाऊल मागे घ्यावे. जादूच्या इलाजांची जाहिरात करू नये, असा १९५४ सालापासून कायदा आहे. चांगला वैद्य अशी बढाई मारत नाही.

भगतबाबांचे काम

आपल्याकडे कोकणा, भिल्ल, महादेव कोळी अशा जमाती राहतात. पाड्यावर दुखणे आले की माणूस आधी भगताकडे जातो. भगत पाड्यातलाच असतो. तो आपल्या बोलीत बोलतो, कपाळावर हात ठेवतो, रात्रीही दार उघडतो. लोकांचा त्याच्यावर विश्वास आहे. विश्वास हे साथीत फार मोठे धन असते.

१६ जानेवारी २०२१ पासून देशात लस टोचायला सुरुवात झाली. पुण्यात तयार झालेली लस आपल्या खेड्यांतही आली. तेव्हा अनेक पाड्यांवर लोक घाबरले होते. लस घेतली की माणूस मरतो, असे कुणी उठवले होते. सरकारी कागदाने ती भीती जात नाही. आपल्या माणसाने सांगितले तर जाते. मेळघाटात भगताला भूमका म्हणतात. तिथे आरोग्य खात्याने भूमकांना सोबत घेतले. रोगी आला तर त्याला दवाखान्यात धाडा, असे त्यांना शिकवले.

आपल्याकडेही हेच व्हावे. भगतबाबांनी आपली श्रद्धा सोडावी असे कुणी म्हणत नाही. त्यांनी अंगारा लावावा, धीर द्यावा, आणि त्याच तोंडाने म्हणावे, "आता उशीर करू नका, दवाखान्यात जा." एवढ्या एका वाक्याने पाड्यातला जीव वाचतो.

लक्षात ठेवा

साथीत सौम्य ताप असेल तर वेगळे झोपावे. पाणी, पेज, काढा घ्यावा. विसावा घ्यावा. तोंडावर फडके बांधावे, हात साबणाने धुवावे, खिडकी उघडी ठेवावी.

दम लागला, छातीत दुखू लागले, ओठ निळे पडले, माणूस गुंगीत गेला, किंवा बोटावरच्या यंत्राचा आकडा ९४ च्या खाली आला, तर काढ्याचे पातेले खाली ठेवावे. १०८ क्रमांकाला फोन करावा. रुग्णवाहिकेला पैसे पडत नाहीत. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा कळवणचे उपजिल्हा रुग्णालय गाठावे.

लस आली की ती घ्यावी. काढा लसीची जागा घेत नाही.

आणि डोंगरातली झाडे जपावी. गुळवेल मुळासकट उपटू नये, कांड तोडून घ्यावा. सातविणीची साल सगळीकडून सोलली तर झाड मरते. साथ येण्याआधीच औषधी गोळा करून ठेवाव्या, असे चरकसंहितेतल्या गुरूंनीही शिष्याला सांगितले आहे. पण डोंगर उघडा पडला, तर गोळा काय करणार?

आजीचे ज्ञान आणि डॉक्टरचे ज्ञान, दोन्ही आपलीच आहेत. कोणते कुठवर चालते, हे ज्याला कळले, त्याचे घर साथीत तरते.

सांगा पाहू

१. चरकसंहितेत साथीची कोणती चार कारणे सांगितली आहेत?
२. १९१८ च्या साथीत रोग्याला कशाचा आधार होता?
३. दोन वाफ्यांच्या गोष्टीवरून औषधाची परीक्षा कशी घेतात ते सांगा.
४. गुळवेल घेताना कोणती काळजी घ्यावी?
५. कोणती लक्षणे दिसली की लगेच दवाखान्यात जावे? ती पाटीवर लिहा आणि घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.
६. तुमच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसाला पाच औषधी झाडांची नावे विचारा. ती वहीत लिहून आणा.